बोटाच्या आधी सूर

अमानवीय अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्या कुणाचाच असल्या गोष्टींवर विश्वास नसतो, असं मी बरेच दिवस बघतो आहे. पहिल्या परिच्छेदात नसतो, शेवटच्या परिच्छेदात बसलेला असतो. माझं थोडं वेगळं आहे — माझी भाकरीच अविश्वासावर चालते. मी विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेअर. राहतो सांगलीत, आणि निम्मी हयात कुपवाडच्या कारखान्यांत गेली. मशीन आपोआप सुरू झालं, गोदाम आपोआप पेटलं, कुलूपबंद खोलीतला माल आपोआप भिजला... या सगळ्या 'आपोआप'च्या मागे जाऊन बघायचं, हे माझं काम. आजवर तिथे मला उंदीर सापडले, मेहुणे सापडले, एकदा एक ढिला नट सापडला. अमानवीय कुणी भेटलं नाही. मेहुण्यांबाबत मतभेद असू शकतात.

तरीही हे लिहितो आहे, कारण गेल्या फेब्रुवारीत जे झालं त्याच्या मागे मला अजून काहीही सापडलेलं नाही.

सुरुवात मामीच्या फोनने झाली. माझे मामा-मामी पलूसजवळ मळ्यात राहतात. आजूबाजूला ऊस आणि द्राक्षं, आणि मधोमध घरात एक गिटार. मामा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. कान तोफांनीच नेले. हाताएवढ्या अंतरावरून ओरडलं तरी 'आं?' म्हणतात, मामी मात्र स्वयंपाकघरातून पुटपुटली तरी त्यांना कळतं, हे एक वेगळंच प्रकरण आहे. आणि गेली दोन वर्षं विसरणं सुरू झालंय. माणसं ओळखतात, नावं गळतात. मला कधी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारतात, आणि मी 'ओ' देतो.

मामी फोनवर म्हणाली, "दिलीप, तुझ्या मामाचं गिटारीचं तेवढं मशिनीत भरून घे. मी मोबाईलवर घेतलंय, पर त्यात कुकरच जास्त वाजतोय."

मी म्हटलं, करू सावकाश. तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "सावकाश न्हाई. मधलं गेलंय त्यांच्या हातातनं. उरलंय ते तरी घे."

हे 'मधलं' म्हणजे काय ते सांगायला हवं.

मामा नोकरीच्या सुरुवातीला ईशान्येकडे होते. शेजारच्या खाटेवर मिझोरामचा एक जोडीदार होता, त्याने गिटार शिकवली. पहिल्या मोठ्या सुट्टीला मामा ती वळकटीत गुंडाळून घरी घेऊन आले, तेव्हा फौजेतून काहीतरी हत्यार आणलंय अशी बातमी गावभर झाली होती. लग्न नुकतंच झालेलं. मामांची पत्रं नियमित यायची, पण त्या काळी पत्र घराला यायचं, माणसाला नाही. आजोबा सोप्यात बसून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. मामांनाही हे माहीत. त्यामुळे पत्रात हवामान, बंधूंच्या शिक्षणाची चौकशी, आणि शेवटी 'घरातील लहानथोरांस यथायोग्य'. मामी त्यात लहानांत येते की थोरांत, हे तिला बरीच वर्षं कळलं नाही.

बायकोला जे लिहायचं ते लिहिता येत नाही, म्हणून मामांनी एक धून बांधली. सुट्टीवर आले की संध्याकाळी सोप्यात बसून, थेट वडिलांच्या समोर वाजवायचे. आजोबांना ती लष्करी चाल वाटायची. पाठ ताठ करून, मिशीला पीळ देत ऐकायचे, आणि आल्यागेल्याला सांगायचे की मोठे साहेब आले की पलटणीत हीच वाजवतात. आतल्या दाराआड मामी उभी असायची. हे सलामीचं नाही, आपल्यासाठीचं आहे, हे तुला कुणी सांगितलं — असं मी एकदा विचारलं होतं. "कळतंय की," एवढंच म्हणाली.

धुनेचे तीन तुकडे. पहिला, मधला, आणि मग पुन्हा पहिल्यासारखाच तिसरा. मामी म्हणते पहिला आणि तिसरा सगळ्यांचा, मधला तिचा. आणि नेमका तोच मामांच्या हातातून दिवाळीपासून गेला होता. तिथवर यायचे आणि डावा हात पट्टीवर अधांतरी थांबायचा. दुसऱ्या कुणाला ती धून येत नाही. मामीला पाठ आहे, पण तिच्या गळ्यात सूर नाही. आरतीला शेजारणी तिला टाळ्यांवर ठेवतात.

तर काम असं होतं. मी ते अंगावर घेतलं.

घरी गिटार रेकॉर्ड करायची तर ऑडिओ इंटरफेस लागतो. तळहाताएवढी किंवा थोडी मोठी पेटी — एका बाजूने माइक लावायचा, दुसऱ्या बाजूने लॅपटॉप, आणि वाजवणाऱ्याने हेडफोन लावून स्वतःला ऐकायचं. मामांच्या बाबतीत हा हेडफोन म्हणजे चैन नव्हती. श्रवणयंत्रातून त्यांना गिटार पत्र्यावर गारा पडल्यासारखी ऐकू येते. हेडफोनमधून आवाज वाढवून दिला तरच स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येणार.

कोणता घ्यावा हे विचारायला मी इंटरनेटवर गेलो आणि तीन आठवडे परत आलो नाही. लोक या पेट्यांबद्दल जसं लिहितात तसं मी फक्त लग्नाच्या जाहिरातींत वाचलं आहे. एकीचा आवाज 'उबदार', दुसरीचा 'पारदर्शक'. एकाने लिहिलं होतं की अमुक पेटी 'प्रामाणिक' आहे. हा शब्द मला दाव्याच्या अर्जांत नेहमी भेटतो, त्यामुळे तिच्यावर मी ताबडतोब फुली मारली. एका गृहस्थांनी चार पेट्यांच्या आवाजातला फरक सांगणारा दीड तासाचा व्हिडिओ केला होता. मी तो पूर्ण ऐकला. मला फरक फक्त त्यांच्या शर्टांत दिसला.

शेवटी कंटाळून एक स्वस्तातली, जाड वायरीसारखी दिसणारी वस्तू घेतली आणि मळ्यावर गेलो. मामांनी हेडफोन लावला, दोन सूर काढले आणि थांबले.

"माझ्या मागनं कोन वाजवतंय?"

मी ओरडून सांगितलं की तुम्हीच आहात. आवाज आधी कंप्युटरमध्ये जातो, मग तुमच्या कानात येतो, म्हणून जरा उशीर होतो.

"मंग त्याला म्हनावं, कदम मिलाके चल."

हसू आलं, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. तो सेकंदाचा तुकडाभर उशीर तरण्या माणसाने पचवला असता. मामांची वाट आधीच पुसट झालेली. कानात मागचा सूर, हातात पुढचा — दुसऱ्याच ओळीला चुकले. मग पहिल्या ओळीलाच. धुनेचा पहिला तुकडा, जो त्यांना झोपेतही आला असता, तोही विस्कटला. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. मामी उठून आत गेली. गाडी काढताना तिने मला सांगितलं, "असलं आनू नगंस पुन्यांदा. त्यास्नी वाटलं आता ह्येबी गेलं."

त्या दिवशी मला कळलं की ऊबबीब काही नको. एकच गोष्ट बघायची — उशीर. माइकचा आवाज कंप्युटरला वळसा न घालता थेट कानात सोडणारं बटण असलेली पेटी हवी.

तशी एक मिळाली, वापरलेली. साताऱ्यातल्या एक दंतवैद्य विकत होत्या. त्या कऱ्हाडला येणार होत्या, मी सांगलीहून निघालो, आणि अखेर उंब्रजला हायवेवरच्या चहाच्या टपरीवर आमची भेट झाली. वाचकांना आता वाटलं असेल की पेटीच्या आधीच्या मालकिणीचं काहीतरी भयंकर झालं. बाईंची प्रकृती उत्तम आहे. गाणं रेकॉर्ड करावं म्हणून त्यांनी पेटी घेतली, एक ओळ गायली, ती ऐकली आणि पेटी पुन्हा खोक्यात घातली. आजही मला रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतात.

पेटीला दोन इनपुट होते, म्हणजे माइक लावायची दोन गोल तोंडं. आम्हाला एक पुरणार होतं. दुसरं असल्याचा फायदा मामीमुळे झाला.

फौजी घर. खंडेनवमीला बंदुकीपासून विळ्यापर्यंत सगळं पुजलं जातं. ट्रॅक्टर आला की नारळ, पंप बसला की नारळ. मी जेवायला बसलो असताना मामीने नव्या पेटीची पूजा उरकली. वापरलेली आहे असं मी म्हणताच ती म्हणाली, "म्हनून तर. दुसऱ्याच्या घरातनं आलीया, आपली करून घ्याया नगं?" हळदीकुंकू लावलं, ठीक. पण नैवेद्य दाखवताना तिला समोर दोन तोंडं दिसली, आणि पहिल्या तोंडात तिने चिमूटभर साखर घातली.

मी पेटी उलटी करून ठोकली. काही साखर बाहेर आली, काही आली नाही. पहिल्या इनपुटमधून भजी तळल्यासारखा आवाज यायला लागला. म्हटलं, दुसरं वापरू. मामीने तिथे काही घातलं नव्हतं ना, याची खात्री करून घेतली. "दोन घास कशाला?" म्हणाली.

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे तीन. मधली खोली. पंखा बंद, फ्रीज बंद, कुकर मामीने स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलेला. लॅपटॉप बॅटरीवर. उसाचा हंगाम जोरात असल्याने रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, आणि ट्रॅक्टरवाल्याला गाणं आपल्या एकट्यापुरतं ऐकता येत नाही. पण त्या वेळी ते जेवून कुठेतरी सावलीला पडलेले असतात, हे मी आदल्या आठवड्यात बघून ठेवलं होतं. मामा खुर्चीत, माइक त्यांच्यासमोर शिलाई मशीनच्या फळीवर. एक माइक, एक वायर. हात दिसावेत अशी मामीची इच्छा होती, म्हणून माझा फोन शेंगदाण्याच्या डब्याला टेकवून व्हिडिओही लावला. मामी समोरच्या भिंतीशी स्टुलावर बसली. नंतर व्हिडिओ आणि रेकॉर्डिंग जुळवता यावं म्हणून सुरुवातीला मी एक टाळी वाजवली — हे त्या चार शर्टवाल्या गृहस्थांकडून शिकलो होतो, म्हणजे दीड तास अगदीच वाया गेला नाही.

पेटीचं काम चोख होतं. मामांनी दोन सूर काढले, मान डोलावली. उशीर नाही.

पहिला तुकडा सुरेख वाजला. मध्यावर आले आणि हात थांबला. मी पुन्हा सुरुवात करायला सांगितलं. पुन्हा तिथेच थांबला. मामा मामीकडे बघून हसले, तेच ओशाळं हसू, आणि मामी जमिनीकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं की पहिला आणि तिसरा तुकडा जोडून देऊ, तेवढं तर हाताशी आहे.

तिसऱ्या वेळी ते थांबले नाहीत.

मला गाण्यातलं कळत नाही. मधला तुकडा पहिल्यापेक्षा सावकाश होता आणि त्यात मोकळ्या जागा जास्त होत्या, एवढं सांगू शकतो. मामांचे डोळे मिटलेले. मामी एकदा खोकली, बाकी खोलीत काही हललं नाही. मग तिसरा तुकडा आला, संपला, आणि मामीने उठून चहाचं आधण ठेवलं. त्या घरात कौतुक असंच करतात.

मी मामांच्या खांद्यावर थोपटलं. मामा खुशीत होते. म्हणाले, "मशीन बेस हाय. आदी सांगतंय."

मी 'हो हो' म्हटलं. या वयातल्या माणसांच्या अर्ध्या बोलण्याला आपण 'हो हो' म्हणतो. आणि मला कारणही दिसत होतं — कितीतरी वर्षांनी त्यांना स्वतःची गिटार धडपणे ऐकू आली, कान जागे झाले, त्यांनी हाताला जागं केलं. यात अमानवीय काही नाही. डॉक्टरांनाही हे पटेल.

दुसऱ्या दिवशी सांगलीत कामावरून आल्यावर दोन्ही गोष्टी कंप्युटरवर एकाखाली एक ठेवल्या. वर फोनच्या व्हिडिओचा आवाज, म्हणजे खोलीत जे ऐकू येत होतं ते. खाली पेटीतून आलेलं रेकॉर्डिंग. टाळीवर टाळी ठेवली, नेमकी बसली. पहिला तुकडा सुराला सूर जुळला. मधला सुरू झाला आणि सगळं विस्कटलं. पडद्यावर मामांचं बोट तारेपर्यंत पोचायचं, आणि पेटीतला सूर त्याआधीच वाजून गेलेला असायचा.

आधी. उशिरा नव्हे. टिचकी वाजवायला लागतो तेवढा वेळ आधी. फोनच्या आवाजात बोट आणि सूर बरोबर होते, जसे असायला हवेत तसे. तिसऱ्या तुकड्याला दोन्ही पुन्हा एक झाले, जणू काही झालंच नाही.

मी ते किती वेळा ऐकलं हे सांगत नाही. जेवण गार झालं आणि बायको काही बोलली, एवढं आठवतं.

कुपवाडला माझा एक मित्र आहे, बापू. दिवसा रबराचे भाग बनवतो, उरलेल्या वेळात भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. त्याच्या खोलीला सगळीकडून काळा स्पंज लावलेला आहे आणि दारावर 'कृपया पादत्राणे व मते बाहेर ठेवावीत' अशी पाटी. बापूने ऐकायच्या आधीच निदान केलं. दोन यंत्रांची दोन घड्याळं, एक पुढे पळतं, एक मागे राहतं, नेहमीचं आहे, चहा घे.

मी म्हटलं, पळालेलं घड्याळ तिसऱ्या तुकड्याला परत कसं आलं?

बापू म्हणाला, येतं कधीकधी.

मग मी त्याला मामीचा खोकला दाखवला. मधल्या तुकड्याच्या ऐन मध्यावर ती खोकली होती. तो खोकला व्हिडिओत आणि पेटीत एकाच जागी होता, केसाचाही फरक नाही. घड्याळ पळालं असतं तर खोकलाही पळाला असता. माइक एक, वायर एक. खोकला जागच्या जागी, आणि त्याच माइकातली गिटार पुढे.

बापूने ते चार वेळा ऐकलं. साखरेबद्दल मीच सांगितलं. तो म्हणाला, "साखरंनं आवाज बसंल. पळंल कशाला?" मग हेडफोन काढून पुसत बसला. "दिलीपराव, एका माइकात दोन येळा मावत न्हाईत," म्हणाला, आणि त्याच्या कंप्युटरवरची फाइल माझ्यासमोर पुसून टाकली. पाटी लावणाऱ्याचंच मत मी प्रथमच बाहेर राहिलेलं बघत होतो. मजा वाटायला हवी होती, वाटली नाही.

साताऱ्याच्या बाईंनाही फोन केला. पेटी कधी पुढे-मागे वाजली का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या गाण्यात पुढे-मागे करण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी मळ्यावर गेलो. मामा ओसरीवर उन्हात बसले होते. मामी मागच्या दारी शेंगा फोडत होती. रेकॉर्डिंग तिच्या फोनवर घालून दिलं, आणि जे सापडलं ते सांगितलं. घाबरेल असं वाटलं होतं. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"किती आदी?" तिने विचारलं.

मी टिचकी वाजवून दाखवली.

"मी म्हनतच असते की," ती म्हणाली.

"काय म्हणत असतेस?"

"त्येच. ह्यांनी वाजवाय घेतलं की मी मनात म्हनत असते. पयल्यापास्नं. गळ्यात येत न्हाई म्हनून काय झालं? आन् मनातलं जरा म्होरंच असतंय बघ. फुडं काय येनार म्हाईत असलं की मानूस तितं आदीच जाऊन बसतंय."

मी म्हटलं, "मामी, माइकाला मनातलं ऐकू येत नाही."

"मी कुठं म्हनते येतंय? तू इचारलंस, मी सांगितलं." टरफलं बाजूला सारत तिने विचारलं, "आन् त्यास्नी आदी कुनी सांगितलं मग?"

हे शोधायची माझ्याकडे पद्धत होती. मी खिशातून कागद काढला. मामी खोलीत आणि हेडफोन कानावर, मामी खोलीत आणि हेडफोन नाही, मामी बाहेर आणि हेडफोन कानावर... असे सगळे प्रकार मी रात्री लिहून ठेवले होते. प्रत्येक तीनदा करायचा. कारखान्यातल्या यंत्राची तपासणी मी अशीच करतो. मामीला म्हटलं, अर्धा तास शेजारच्या वस्तीवर जाऊन ये.

तिने माझ्याकडे बघितलं. "मामाची परीक्षा घेतोयस व्हय?"

"यंत्राची," मी म्हटलं.

ती पदर खोवून गेली.

मामांना मधल्या खोलीत आणलं. खुर्ची तीच, माइक तिथेच, शिलाई मशीनच्या फळीवर. कानावर हेडफोन चढवला, तेच बटण दाबलं. समोर रिकामं स्टूल. मामांनी पहिला तुकडा वाजवला. मध्यावर आले, आणि हात पट्टीवर अधांतरी राहिला.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. या वेळी ते हसले नाहीत. कान टवकारावा तशी मान किंचित तिरकी करून वाट बघत राहिले, दारात पोस्टमनची वाट बघावी तशी. मग स्टुलाकडे बघितलं.

"ती कुठं हाय?"

शेजारी गेलीय, मी ओरडून सांगितलं. वाजवा तुम्ही.

त्यांनी तळहात सगळ्या तारांवर सपाट ठेवला. "आज न्हाई सांगत ते," म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. चूक आपलीच असणार, अशा हिशेबाने खाली बघत होते.

एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे. दुसऱ्यांदा करायला हवा, तिसऱ्यांदा करायला हवा. कागद मांडीवर होता. तिसऱ्यांदा म्हणजे काय ते मला समोर दिसत होतं. मी कागदाची घडी केली, बाहेर जाऊन कुंपणाशी उभा राहिलो आणि मामीला हाक मारली. ती लांब गेलीच नव्हती. चिंचेखाली उभी होती.

आत आली, स्टुलावर बसली. मामांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आवं, वाजवा की. मी हाय." नेहमीच्या आवाजात म्हणाली, माइकातून पोचलं की एरवीसारखं देव जाणे, पण त्यांना ऐकू गेलं. मामांनी गिटार सावरली.

मी रेकॉर्डचं बटण दाबलं नाही. फोन खिशातच ठेवला. त्यामुळे यापुढचं सगळं फक्त माझ्या सांगण्यावर आहे.

पहिला तुकडा झाला. मध्यावर त्यांचा हात थबकला, आणि तसाच पुढे गेला. मधला तुकडा पुरा वाजला. खोलीत मला जे ऐकू येत होतं त्यात बोट आणि सूर बरोबरच होते. मामी भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून बसली होती. सून म्हणून दाराआड उभी राहायची तेव्हा अशीच दिसत असेल, असं वाटून गेलं.

मामांच्या कानात काय पोचत होतं, ते मला माहीत नाही. बोटाच्या आधी पोचत होतं का, की बोटाबरोबर, की आणखी काही... हेडफोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. नुसतं 'मामा, जरा द्या' म्हणून कानाला लावला असता, तर आज हे इतकं लांबवून लिहावं लागलं नसतं. तो प्रश्न तिथेच, तेवढ्यातच मिटला असता.

पण मी तो काढून घेतला असता, तर मामांना ऐकू आलं नसतं.